पंप सुरू केला की दिवे मंद होतात: जुन्या मोटरहोममधला वीजदोष कसा शोधायचा

मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी. आधी लक्षणं. यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं तुमच्या कामाचं आहे.

- पाण्याचा पंप सुरू झाला की आतले दिवे मंद होतात आणि पंप कण्हत फिरतो. नळ बंद केला की सगळं पूर्ववत.
- गाडी खड्ड्यात आदळली की दिवे लुकलुकतात, किंवा कालपासून बंद असलेला पंखा अचानक फिरायला लागतो.
- ब्रेक दाबला की इंडिकेटर नुसताच मिणमिणतो, किंवा भलताच दिवा लागतो.
- बाहेरून वीज जोडलेली असेल तर सगळं झकास. केबल काढली की लगेच किंवा थोड्याच वेळात अंधार.
- रात्री सगळं बंद करून झोपलात आणि सकाळी बॅटरी संपलेली.
- उपकरणाच्या वायरींवर मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट व्यवस्थित दिसतात, तरी उपकरण ढिम्म.

सगळ्यांत जास्त पैसे खातं ते हे शेवटचं लक्षण. मीटर १२.४ दाखवतो म्हणून पंपच खराब असं ठरतं, नवा पंप येतो, आणि तोही तसाच कण्हतो. मी हे स्वतः केलंय. काढून ठेवलेला जुना पंप अजून माझ्या सुट्या भागांच्या खोक्यात आहे, अगदी ठणठणीत. दोष होता सिंकखालच्या लोखंडी पट्टीत मारलेल्या एका स्क्रूत. त्या स्क्रूवर निगेटिव्ह वायरचा लग (वायरीच्या टोकाची धातूची चकती) बसवला होता आणि त्याच्याखाली गंजाचा थर होता.

त्यानंतर हाच दोष वेगवेगळ्या सोंगांत, माझ्या आणि ओळखीच्यांच्या गाड्यांत, इतक्या वेळा काढला की आता मी उपकरणाकडे सगळ्यांत शेवटी बघतो. वीस-तीस वर्षं हलत, हिंदकळत, दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत आधी जातात ते जोड.

हे आकड्यांत बघितलं की पटतं. पंप ६ अँपिअर घेतो असं धरा. वाटेतल्या एका गंजक्या जोडाचा रोध फक्त अर्धा ओहम. म्हणजे ३ व्होल्ट त्या जोडातच जिरले. बॅटरीवर १२.४ असतील तर पंपाला मिळतात ९.४. वर ३ व्होल्ट गुणिले ६ अँपिअर, म्हणजे १८ वॅट उष्णता त्या एवढ्याशा स्क्रूवर. त्याच जोडातून ०.२ अँपिअरचा एलईडी दिवा चालवला तर घट फक्त ०.१ व्होल्ट, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. आणि पंप बंद असताना मीटर लावला तर प्रवाहच नाही, म्हणून घटही नाही, म्हणून पूर्ण १२.४. लोडशिवाय घेतलेलं रीडिंग या कामात जवळजवळ निरुपयोगी आहे. जुने पिवळे बल्ब काढून एलईडी बसवले की कित्येक गाड्यांमधले असे जोड आणखी काही वर्षं लपून राहतात.

हात घालण्याआधी

गाडीत तीन वेगळ्या यंत्रणा आहेत. इंजिनाची १२ व्होल्टची: स्टार्टर, हेडलाइट, इंडिकेटर. राहत्या भागाची १२ व्होल्टची: तिची बॅटरी वेगळी, तिच्यावर दिवे, पंप, पंखे. तिसरी बाहेरून केबलने येणारी २३० व्होल्टची, अमेरिकी बनावटीच्या गाडीत १२०. या तिसरीचं शेवटी बघू. तोवर बाहेरची केबल काढून ठेवा आणि इन्व्हर्टर असेल तर बंद करा. छतावर सोलार पॅनेल असेल तर बॅटरी सोडवण्याआधी पॅनेलची वायर कंट्रोलरवरून काढा. चार्जिंग चालू राहिलं तर तुमचं एकही रीडिंग खरं नसेल.

हत्यारं फार लागत नाहीत. साधा मल्टिमीटर. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसकट. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून मीटरला जे दिसत नाही ते तो दाखवतो. दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावलेली सात-आठ मीटर जाड वायर. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पाने. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण पॉझिटिव्ह आणि बॉडीच्या मध्ये पाना अडकला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात, आणि पान्याच्या जागी अंगठी असली तर बोट भाजतं.

१. फुकटातलं

राहत्या भागाचं मेन बटण चालू आहे ना, हे बघा. हसू नका. ते बहुतेक वेळा दाराजवळ असतं आणि पिशवीच्या धक्क्याने बंद होतं.

मग बॅटरीचं व्होल्टेज. चार्जिंग थांबवून काही तास गेल्यावर मोजा, नाहीतर पृष्ठभागावरचा चार्ज फसवतो. लेड-ॲसिड बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.८, साधारण अर्धी असेल तर १२.२, आणि १२.० च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकली असेल तर सहापैकी एक सेल गेला. हा आकडा आधी हवा, कारण अर्ध्या मेलेल्या बॅटरीवर पुढच्या सगळ्या तपासण्या दिशाभूल करतात.

आता बॅटरीचे क्लॅम्प हाताने पिळून बघा. हलला तर तुमचं निम्मं काम झालं. पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पण तो सेलच्या बुचांतून आत जाऊ देऊ नका. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. निगेटिव्ह सुटलेला असला की पॉझिटिव्हवर काम करताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. लेडचा खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू, दोन्ही चकचकीत करून घट्ट करा.

२. फ्यूज

फ्यूज नुसता बघून ठीक आहे असं म्हणू नका. युरोपीय जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना टोक असलेले, गोळीसारखे फ्यूज असतात. त्यांची तार शाबूत असते, पण ज्या पितळी पट्ट्यांमध्ये ते बसतात त्या काळ्या पडतात. अशा फ्यूजला जागच्या जागी दोन-चार वेळा फिरवलं आणि वीज आली, तर दोष कुठे होता ते कळलंच. फ्यूज काढून पट्ट्या घासा आणि जरा आत दाबून घ्या. पातीच्या फ्यूजमध्ये प्लॅस्टिकचा पिवळेपणा किंवा वितळलेला कोपरा शोधा. तो जास्त प्रवाहाने नाही, तर ढिल्या पकडीमुळे तापून होतो.

खरी तपासणी अशी: उपकरण चालू ठेवा, मीटरची एक टोचणी फ्यूजच्या या बाजूला आणि दुसरी त्या बाजूला. शंभर-दीडशे मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर तिथे काहीतरी तापतंय.

केबल काढली की लगेच अंधार होत असेल तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हातभर अंतरावरचा मुख्य फ्यूज शोधा. तो उडालेला असला तरी बाहेरची वीज जोडल्यावर चार्जर थेट दिव्यांना पुरवठा करत राहतो, त्यामुळे महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही. थोड्या वेळाने अंधार होत असेल तर मात्र बॅटरीची धारणशक्ती गेली, किंवा ती चार्जच होत नाही. ते पुढे आहे.

आणखी एक गंमत. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप पूर्ववत होणारे छोटे ब्रेकर असतात. तापले की तुटतात, थंड झाले की जुळतात. दिवे ठरावीक वेळाने जाऊन येत असतील तर भुताटकी नाही, तो ब्रेकर आहे, आणि त्याच्या पुढे कुठेतरी लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे.

१० चा फ्यूज उडतो म्हणून २० चा घालणं, हे जुन्या गाड्यांत मला वारंवार दिसतं. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. वायर तीच राहिली आणि फ्यूज दुप्पट केला, तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर जळेल, तीही प्लायवूडच्या मागे.

३. अर्थ, म्हणजे परतीची वाट

इथे वेळ द्या. पॉझिटिव्ह वायर कंपनीने जपून नेलेली असते. निगेटिव्ह मात्र जवळची लोखंडी पट्टी बघून एका स्क्रूने उरकलेला असतो, आणि प्रत्येक जुन्या मालकाने त्याच स्क्रूवर आपली एकेक वायर वाढवलेली असते. एका गाडीत मी एका स्क्रूखाली नऊ लग मोजले.

मीटर व्होल्टवर ठेवा. काळी टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नाही, खुद्द खांबावर. वायर पुरत नसेल तर ती लांब वायर जोडून घ्या. लाल टोचणी पंपाच्या निगेटिव्ह टोकावर. आता नळ उघडा. पंप फिरत असताना ०.२-०.३ व्होल्टपर्यंत दिसलं तर परतीची वाट बरी आहे. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष याच बाजूला. मग लाल टोचणी एकेक जोड मागे आणत बॅटरीकडे या: पंपाचा लग, पट्टीवरचा स्क्रू, पट्टी, चेसिस, बॅटरीची अर्थ केबल. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, चोर तिथेच.

घाई असेल तर याहून सोपं आहे. लांब जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या निगेटिव्हला लावा. पंप एकदम जोरात फिरला तर मीटरचीही गरज नाही.

सापडलेला जोड नुसता आवळून चालत नाही. पूर्ण सोडवा. लग दोन्ही बाजूंनी घासा, खालचा रंग आणि गंज खरवडून धातू उघडा करा. आपोआप आटे पाडणाऱ्या स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि नट वापरा, दातेरी वॉशर घाला. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी लावायची नाही, धातूला धातू भिडल्यावर लावायची, म्हणजे ओल आत जात नाही. बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर तांब्याचा उघडा लग थेट तिच्यावर नको. दोन वेगळे धातू आणि थोडं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. कथिलाचा मुलामा दिलेला लग घ्या. त्याहून बरं म्हणजे नवी निगेटिव्ह वायर थेट बॅटरीजवळच्या पट्टीवर आणा. मी आता पंप आणि हीटरच्या पंख्यासाठी सरळ तेच करतो.

ब्रेक दाबल्यावर भलताच दिवा लागण्याचं कारणही हेच. मागच्या दिव्याची अर्थ तुटली की प्रवाह शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून उलटा वाट काढतो. अशा वेळी बल्ब बदलत बसू नका, दिव्याच्या खोक्यामागचा एकच सामाईक अर्थ स्क्रू बघा. इंजिन आणि चेसिस यांना जोडणारी अर्थ पट्टीही विसरू नका. ती तुटली की स्टार्टरचा प्रवाह क्लच किंवा ॲक्सिलरेटरच्या लोखंडी केबलमधून परततो आणि ती केबल तापते, कधी धुरावतेही.

४. पॉझिटिव्ह बाजू

पद्धत तीच. लाल टोचणी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, काळी उपकरणाच्या पॉझिटिव्हवर, उपकरण चालू. इथे संशयित तीन. न कापता वायरीवर दाबून बसवलेले निळे-लाल टॅप जोड. ते वायरीचे काही तंतू कापतात आणि उरलेल्यांना ओल खाते. नुसत्या टेपने गुंडाळलेले जोड. आणि स्विच, विशेषतः पंपाचा, कारण मोटर बंद होताना दर वेळी ठिणगी पडते आणि आतली टिकली जळते.

वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर लाल तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळ्या तंतूंवर लग दाबून बसवला तर दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा तिथेच असाल.

सगळे जोड चकचकीत आणि तरी घट जास्त असेल तर वायरच बारीक आहे. ८ मीटर जाणं आणि ८ मीटर येणं म्हणजे १६ मीटर. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ६ अँपिअरला साधारण १.१ व्होल्ट जातात, अडीचमध्ये पाऊण व्होल्टच्या आत, आणि चारमध्ये ०.४ च्या आसपास.

५. चार्जिंग

इंजिन सुरू करा. इंजिनाच्या बॅटरीवर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. तिथे ठीक असेल आणि राहत्या भागाच्या बॅटरीवर आकडा तसूभरही वाढत नसेल, तर दोन बॅटरींना जोडणारा रिले (विजेने चालणारा स्विच) बघा. इंजिन लागल्यावर त्याचा टक् आवाज येतो. आवाज नाही, तर त्याच्या कॉइलला वीज येत नाही. ती बहुधा अल्टरनेटरच्या वॉर्निंग दिव्याच्या टोकावरून घेतलेली असते. आवाज येतो पण व्होल्टेज नाही, तर आतली टिकली जळलीय किंवा रिलेच्या दोन बाजूंपैकी एक फ्यूज गेलाय. रिले बदलणं सोपं आहे, फक्त तितक्याच अँपिअरचा घ्या.

मेनवरचा, म्हणजे बाहेरच्या विजेवर चालणारा, जुना चार्जर बहुधा टप्प्याटप्प्याचा नसतो, कायम एकच व्होल्टेज देतो. महिनोन् महिने जोडून ठेवला तर पाण्याच्या बॅटरीतलं पाणी उडतं. पाती उघडी पडलेली दिसली तर ती बुडतील एवढंच डिस्टिल्ड पाणी घाला आणि वरचं पूर्ण चार्ज झाल्यावर.

६. रात्रीची गळती

सगळं बंद करा. निगेटिव्ह क्लॅम्प काढा आणि क्लॅम्प व बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खुणेवर जोडा. तो जोडलेला असताना पंप, हीटर, स्टार्टर काहीही चालू करायचं नाही. आणि अँपिअरवर ठेवलेला मीटर बॅटरीच्या दोन टोकांना आडवा लावायचा नाही, तो सरळ शॉर्ट आहे.

५० मिलिअँपिअरची गळती म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला चाळीसेक दिवस. गॅस अलार्म आणि स्टिरिओची मेमरी मिळून एवढं चालतं. त्याहून बरंच जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याच्यानंतर आकडा पडतो ते सर्किट दोषी. टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर आणि सामानाच्या कप्प्यातला झाकण लावूनही न विझणारा दिवा, ही दोन नेहमीची नावं.

एका रात्रीत पूर्ण बॅटरी जात असेल तर थेट फ्रिजकडे जा. गॅस, मेन आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रिज १२ व्होल्टवर १० अँपिअर किंवा जास्तही घेतो. म्हणून तो फक्त इंजिन चालू असताना जोडणारा रिले असतो. त्याची टिकली चिकटली की आठ तासांत ८० अँपिअर-तास गेले.

७. बॅटरीची खरी परीक्षा

एवढं सगळं ठीक निघालं तरच बॅटरीवर संशय. पूर्ण चार्ज करा, रात्रभर राहू द्या, मग ५ अँपिअरच्या आसपासचा लोड चार तास लावा; २१ वॅटचे तीन बल्ब चालतील. लोड काढून तासाभराने मोजा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २० च गेले आहेत, म्हणजे १२.४ च्या वर दिसायला हवं. चार तासांच्या आतच १२ च्या खाली आली तर बॅटरी बदला. चार्ज होताना ती हाताला चटका देते किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो, तर चार्जर मेनवरून बंद करा, दारं उघडा, आणि तिच्याजवळ कुठलीही ठिणगी होऊ देऊ नका. आधी क्लॅम्प ओढायचा नाही.

८. मेनची वीज: इथे एवढंच

बाहेरची केबल जोडली की आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर गाडीतले सगळे प्लग काढा. नुसता स्विच किंवा एमसीबी (सर्किटचा छोटा ब्रेकर) बंद करून भागत नाही, कारण तो बहुतेकदा फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो आणि न्यूट्रलमधल्या गळतीनेही आरसीडी पडतो. मग एकेक प्लग लावत जा. बहुधा फ्रिजचं किंवा पाणी तापवायचं एलिमेंट निघतं. ते बरेच महिने बंद राहिलं की आतली पांढरी पूड ओल शोषते. दोषी प्लग काढून ठेवा, बाकीचं वापरा. तुमचं काम इथे संपलं.

थांबा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा, जर:

गाडीच्या बॉडीला, पायरीला किंवा दाराच्या मुठीला हात लावल्यावर मुंग्या आल्या. टायरमुळे गाडी जमिनीपासून तुटलेली असते. केबलमधली अर्थ गेली आणि आत कुठे गळती असली तर अख्खी बॉडी जिवंत होते, आणि ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस सर्किट पूर्ण करतो. पुन्हा हात लावून खात्री करू नका. बाहेरच्या सॉकेटचा पुरवठा तिकडेच बंद करा आणि सगळ्यांना लांब ठेवा.

सगळे प्लग काढूनही आरसीडी पडतो, किंवा त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो पडतच नाही. आरसीडी बाजूला काढून थेट जोडणी करायची कल्पना कुणी सुचवली, तर त्या माणसाला गाडीपासून दूर ठेवा.

प्लायवूड किंवा भिंत एका जागी गरम लागते, जळका वास येतो पण जागा सापडत नाही. बॅटरी सोडवून ठेवा, रात्री गाडीत झोपू नका.

नवा फ्यूज घातला की लगेच उडतो आणि त्या सर्किटवरची सगळी उपकरणं काढूनही उडतो. भिंतीच्या आत वायर घासली गेली आहे.

गॅसचा वास आला तर आधी गॅस. एकही स्विच दाबू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. सिलिंडर बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. गॅसचं काम करणारा येऊन गेल्याशिवाय वीज बघायची नाही.

इलेक्ट्रिशियन येण्याआधी घेतलेली रीडिंग एका कागदावर लिहून ठेवा: कुठून कुठपर्यंत मोजलं, कोणतं उपकरण चालू होतं, किती व्होल्ट आले. माझा तो कागद फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे, जुन्या मालकाच्या पेन्सिलच्या खुणांशेजारी.